तीन कार्डं आणि बादलीभर पाणी

नवा कॉम्प्युटर घ्यायला कोणी आलं आणि म्हणालं, "डिस्क कंट्रोलर कोणता घेऊ, भरवशाचा सांगा," की मी आधी विचारतो, "तुमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं?"

गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं. मग दारावरच्या पाटीकडे बघतं. आपण चुकून नळवाल्याच्या दुकानात तर शिरलो नाही ना, अशी शंका त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसते. काही जण तर "येतो नंतर" म्हणून निघूनही जातात. जाऊ देत. औरंगाबादला क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत सत्तावीस वर्षं कॉम्प्युटर जोडण्यात आणि तितकेच मोडण्यात गेली. एवढ्या काळात मला खात्रीनं कळलेल्या गोष्टी तीन-चारच आहेत, आणि हा प्रश्न त्यांतला पहिला. तो मला शिकवला एका मेंढपाळानं. अनवाणी पायांनी.

आधी धंद्यातलं थोडं सांगतो, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. हार्डडिस्क म्हणजे धान्याचं कोठार समजा. कंट्रोलर म्हणजे त्या कोठाराचा कोठीवाला. आत काय ठेवायचं, कुठल्या फळीवर ठेवायचं, मागितल्यावर कुठून काढून द्यायचं, हे फक्त त्याला ठाऊक. कोठीवाला वेडा झाला, तर कोठार भरलेलं असूनही तुम्ही उपाशी. काही कंट्रोलर तर असे हुशार की माल स्वतःच्या खुणेनं लावतात. दुसऱ्या कोठीवाल्याला ती खूण वाचताच येत नाही. आणि महत्त्वाचा माल असेल तर दोन डिस्क लावतात. कंट्रोलर प्रत्येक गोष्ट दोन्हीकडे लिहितो. एक गेली तर दुसरी असते. याला आम्ही आरसा म्हणतो. या आरशानंच मला माझं तोंड दाखवलं.

पाठकसर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहराच्या कडेला, सातारा परिसर म्हणतात तिथं बंगला बांधला. तेव्हा तिकडे माळ होता, आणि माळावर रोज एक नवी पाटी उगवत होती: अमुक नगर, तमुक विहार. नगरं झाली, विहार झाले, नळ तेवढे आले नाहीत. सगळी वस्ती टँकरवर. आणि पावसानं लागोपाठ पाठ फिरवलेली ती वर्षं; टँकर आला की सासू-सुना भांडण अर्धवट सोडून ड्रम घेऊन पळायच्या.

सरांचं काम मात्र पाण्याचंच. बोअर कुठं घ्यावं, किती खोल जावं, हे सांगायला जिल्हाभरातून त्यांना बोलावणं यायचं. पंचवीस वर्षांत त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक बोअरची नोंद त्यांच्याकडे होती. ठिकाण, खोली, मुरूम किती, तांबडा थर किती फुटांवर, काळा पाषाण कुठून सुरू, पाणी किती. शेवटचा रकाना 'भरवसा'. त्यात तीनच शब्द यायचे: चांगला, मध्यम, नाही. सर नोंदीत चौथा शब्द वापरत नसत आणि बोलण्यातही फारसा नाही. त्यांच्या स्वतःच्या अंगणातल्या बोअरपुढे त्यांनीच 'नाही' लिहिलं होतं.

या सगळ्या नोंदी होत्या एकशे चाळीस वह्यांमध्ये. त्या कॉम्प्युटरवर चढवायच्या होत्या. एका विद्यार्थिनीनं वर्षभर बसून त्या टाइप केल्या. आणि त्या ठेवायच्या कशात, हे ठरवायला मला बोलावलं.

"सुधाकर, कोणत्या कार्डाचा भरवसा?" सरांनी विचारलं.

मी तेव्हा चाळिशीचा, म्हणजे माणसाला स्वतःच्या ज्ञानाचं सगळ्यात जास्त कौतुक असतं त्या वयाचा. म्हणालो, "सर, वेगळं कार्ड कशाला? मदरबोर्डातच कंट्रोलर येतो. दोन डिस्कचा आरसा करून देतो. जन्मभर बघायला नको."

पाठककाकू दारात उभ्या होत्या. त्यांचा रस एकाच गोष्टीत. "मग त्या वह्या काढता येतील का? त्या कपाटात मला लोणच्याच्या बरण्या ठेवायच्यात."

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर चहा होता, चिवडा होता आणि ऐकणारी दोन माणसं होती. मी म्हणालो, "काढा की काकू. वह्यांना वाळवी लागते. डिस्कला लागत नाही."

सर दोन दिवस कुरकुरले. मग वह्या रद्दीत गेल्या. कपाटात बरण्या आल्या. नव्या कॉम्प्युटरला काकूंनी कुंकवाचं बोट लावलं, नारळ फोडला, आणि मी घरी आलो ते एखादं धरण बांधून आल्यासारखा.

चार महिन्यांनी, ऐन मार्चात, सरांचा फोन. "सुधाकर, एक डिस्क दिसत नाही."

मी गेलो. खरंच दिसत नव्हती. पेटी स्कूटरच्या पायात घेऊन दुकानात आणली. दुकानात चालू केली तर दोन्ही डिस्क हजर, शाळेत साहेब तपासणीला आल्यावर पोरं बसतात तशा. मी निष्कर्ष काढला: बोर्डातला कंट्रोलर लेचापेचा. वेगळं कार्ड लावलं, दोन दिवस दुकानात चालवलं, सगळं ठणठणीत. परत नेऊन दिलं.

नेऊन दिलं त्या दिवशी काकू म्हणाल्या, "सुधाकर, ही पेटी पुसताना हाताला झिणझिण्या येतात रे."

"हवा कोरडी आहे काकू," मी म्हणालो. "त्यात तुमच्या हातात बांगड्या. असं होतं."

हे वाक्य मी आजही झोपेत ऐकतो. माझ्या शर्टाच्या खिशाला तेव्हाही टेस्टर अडकवलेला होता. वीस वर्षं तो तिथंच असायचा, पेनाशेजारी. माणूस इंजिनियर वाटतो त्यानं.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. तसलंच दुसरं कार्ड लावून दिलं; आठ दिवसांत पुन्हा फोन. पुन्हा तेच. पेटी दुकानात आणली की शहाणी, सरांकडे नेली की वेडी. एखादा डॉक्टर असता तर त्यानं विचारलं असतं, की पेशंट दवाखान्यात बरा आणि घरी आजारी, तर घरात काय आहे ते बघू. मी विचारलं नाही. मी म्हटलं, हेही कार्ड भिकार. त्या दुसऱ्या कार्डावर मार्करनं 'नालायक' असं लिहून ते पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि वाजिदभाईंना फोन केला. वाजिदभाई म्हणजे आम्हाला माल पुरवणारे.

"सबसे भारी कार्ड भेजो," मी म्हणालो.

"कायकू मियाँ," वाजिदभाई म्हणाले, "पहलेवाले में क्या नुक्स था?"

"डिस्क छोड देता है."

"हमारे यहाँ से चालीस कार्ड गए. तुम्हारेच हाथ में आके डिस्क छोडता, तो ये सोचनेकी बात है."

मी विचार केला नाही. तिसरं कार्ड मुंबईहून आलं. फोमच्या खोक्यात, वर छोटी बॅटरी, जाडजूड पुस्तक. हेच ते स्वतःच्या खुणेनं माल लावणारं. अख्ख्या शहरात तसलं दुसरं नव्हतं, आणि हेच मी सरांना अभिमानानं सांगितलं: "सर, औरंगाबादेत एकच आहे." ही बढाई नसून धोक्याची सूचना आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. आज मी असं कार्ड कोणाला दिलं तर जोडीनंच देतो, एक पेटीत आणि एक कपाटात. कोठीवाला मेला तर त्याचा जुळा भाऊ हवा.

मे महिन्यात सरांचा जो फोन आला, त्यात त्यांनी मला सुधाकर म्हटलं नाही. नुसतं म्हणाले, "ये." आणि फोन ठेवला.

सकाळचे अकरा वाजले असतील. गेलो तर दिवाणखान्यात खुर्ची सोडून भिंतीला टेकून एक म्हातारा जमिनीवर बसलेला. डोक्याला तांबडा पटका, जवळ काठी. पिशोरच्या बाजूचे भिवातात्या. जातीचे धनगर, तीनशे मेंढरं. सरांनी पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या वाड्याजवळ बोअर काढून दिलं होतं. त्या उन्हाळ्यात ते आटलं. तात्यांनी बोअरची गाडी सांगितली होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती, त्याच बोअरमध्ये आणखी खोल जायला. गाड्या मिळतच नव्हत्या तेव्हा. ही हुकली की पुढची थेट पावसाळ्यात. जावं की न जावं, एवढंच विचारायला म्हातारा पहाटेच्या एसटीनं आला होता. खाली काय आहे हे पंधरा वर्षांपूर्वी सरांनी बघून लिहून ठेवलं होतं. वहीत. वही रद्दीत. आणि रद्दीचा सल्ला देणारा दारात उभा, खिशाला टेस्टर लावून.

एक डिस्क पुरती मेली होती. दुसरी चालू व्हायची, नोंदींची यादी अर्धी दिसायची आणि गायब.

"सर, पेटी दुकानात नेतो," मी म्हणालो. "तिथं नक्की चालते."

"नाही," सर म्हणाले. "पंचवीस वर्षांचं काम त्या एका डिस्कवर उरलंय. ते तुझ्या स्कूटरच्या पायात बसून खड्ड्यांतून जाणार नाही. काय करायचं ते इथं कर."

"सर, तुम्हाला आठवत नाही का यांचं बोअर?"

"नऊशे बोअर आहेत. मला आठवत असतं तर लिहिलं कशाला असतं?"

मी गुडघ्यावर बसलो. केबली बदलल्या. कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. डिस्क यायची आणि जायची. काकूंनी चहा आणला, माझ्यापुढे ठेवला नाही, जमिनीवर माझा हात पुरणार नाही इतक्या अंतरावर ठेवला.

"इंजिनेर साहेब," तात्या म्हणाले, "गाडीवाल्याला काय सांगू? त्यो फोन करायलाय."

"होतंय तात्या. पाच मिनिटं."

"तुमी घंटाभर पाच मिंटं म्हणायलात."

आणि जवळून बघावं म्हणून म्हातारा उठला, काठी टेकत माझ्यामागं आला आणि वाकताना आधाराला त्यानं उघड्या पेटीवर हात ठेवला. लगेच काढला. मला वाटलं, लागलं असेल काही. त्यानं पुन्हा मुद्दाम दोन बोटं ठेवली. पुन्हा काढली.

"ह्यात करंट हाय," तात्या म्हणाले.

"बघा," काकू दारातून म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं? मला म्हणाला, बांगड्या."

"तात्या, थोडं असतंच," मी म्हणालो. "मी सकाळपासून हात घालतोय, मला काही झालं का?"

तात्यांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. मग पुन्हा खाली. मी कॉम्प्युटरखाली जाड रबरी चटई टाकायला लावली होती, व्यावसायिक दिसावं म्हणून, आणि तिच्यावर गुडघे टेकून बसलो होतो. म्हातारा अनवाणी, फरशीवर.

"तुमी रबरावर हायत," ते म्हणाले. "मोटारीच्या पेटीला असं व्हायला लागलं म्हंजी आमी अर्थिंगवर बादलीभर पानी वततो. तुमचं अर्थिंग कुटं हाय?"

मी सत्तावीस वर्षांत बऱ्याच परीक्षा नापास झालो आहे, पण इतक्या शांतपणे कोणी पेपर हातात ठेवला नव्हता. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक घराच्या विजेला जमिनीत उतरायची एक वाट ठेवलेली असते. अंगणात आठेक फुटांचा खड्डा, त्यात तार आणि पत्रा, भोवती मीठ आणि कोळसा. यंत्रात सांडलेली वीज त्या वाटेनं जमिनीत जाते. पण ती वाट ओली हवी. कोरड्या मातीतून वीज जात नाही. मग ती पेटीतच भटकते आणि सगळ्यात नाजूक वस्तू गाठून तिच्याशी भांडते. माझ्या बाबतीत ती वस्तू दर वेळी कंट्रोलर होती.

आम्ही सगळे मागच्या अंगणात गेलो. कोपऱ्यात सिमेंटची लहान चौकट होती आणि तिच्यावर कुंडी.

"इथं पाणी नसतं का पडत?" मी विचारलं.

"पडायचं की," काकू म्हणाल्या. "मी इथंच भांडी विसळायची. टँकर पुरेना झाला तेव्हापासून ते पाणी कढीपत्त्याला घालते."

"कधीपासून?"

"होळीच्या आसपास. तू आला होतास की तेव्हा. म्हणालास, छान केलंत काकू, पाणी वाचवलंत."

पहिला फोन मार्चात आला होता. मी बोटांवर महिने मोजले नाहीत; गरज नव्हती.

पंचवीस वर्षं जिल्ह्याला जमिनीतलं पाणी दाखवणारा माणूस स्वतःच्या घरामागच्या आठ फूट कोरड्या खड्ड्याकडे बघत उभा होता. मला वाटतं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त लाज वाटली. निदान मी तसं समजून घेतलं.

खात्री करायला मी एक साधा पिवळा बल्ब घेतला. एक तार चालू विजेला, दुसरी अर्थिंगला. वाट चांगली असेल तर बल्ब लख्ख लागतो. आमचा बल्ब लागला म्हणजे आतली तार तेवढी लाल झाली, विझत आलेल्या उदबत्तीसारखी.

"काकू, बादलीभर पाणी लागेल."

काकूंनी ड्रमाकडे पाहिलं. टँकर पाच दिवसांनी येणार होता. त्यांनी बादली भरली, आणली, पण माझ्या हातात दिली नाही. "हे भांड्यांचं पाणी आहे. आजची भांडी तू राखेनं घासायचीस."

"घासतो."

"सगळी."

"सगळी, काकू."

त्यांनी कुंडी सरकवली आणि तांब्यानं पाणी घालायला सुरुवात केली. एक तांब्या. माती ते असं प्यायली की ओल दिसलीसुद्धा नाही. दुसरा. तिसरा. मी बल्ब धरून उभा, सर चष्मा पुसत, तात्या उकिडवे बसून चौकटीवर हात ठेवलेले, मेंढीच्या पोटावर ठेवावा तसा. पाचव्या तांब्याला बल्बातली तार नारिंगी झाली.

"येतंय," तात्या म्हणाले.

"आणखी एक, काकू."

आठव्या तांब्याला बल्ब पिवळा झाला. बादली संपली. काकू स्वतःहून ड्रमाकडे गेल्या आणि दुसरी भरून आणली. ती मी मागितली नव्हती. ती निम्मी गेली तेव्हा भर दुपारच्या उन्हातसुद्धा बल्बाकडे बघवेना.

आत गेलो. रबरी चटई ओढून बाजूला टाकली, चपला काढल्या आणि पेटीवर हात ठेवला. काही नाही. थंड पत्रा. कॉम्प्युटर चालू केला. तेच कार्ड, तीच डिस्क, तीच केबल. यादी आली. अर्ध्यावर आली, तिथं थबकली. मग पुढे सरकली आणि शेवटपर्यंत गेली. नऊशे आणि वर काही.

मी आधी सगळं माझ्या पिशवीतल्या एका कोऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. सर म्हणाले, आधी तात्यांचं काढ. मी आयुष्यात एकदाच सरांना नाही म्हणालो ते तेव्हा. वीस मिनिटं लागली. तात्यांनी त्या वेळात गाडीवाल्याचा फोन तीनदा कापला.

मग सरांनी वाचून दाखवलं. "भिवाजी, पिशोरजवळ. खोली एकशे ऐंशी. तांबडा थर एकशे दहावर, पाणी तिथंच. खाली अखंड काळा पाषाण. आणखी खोल जाऊ नये. भरवसा मध्यम."

"म्हंजी गाडी नगं?" तात्यांनी विचारलं.

"गाडी येऊ दे. पण ह्या भोकात एक फूटसुद्धा जायचं नाही. नुसता दगड आहे." सरांनी पुढची ओळ वाचली. "इथं मीच लिहिलंय, ओढ्याच्या वळणाशी थर खचलेला दिसतो, तिथं बघावं. वळण आहे का अजून?"

"हाय की. बाभळी हायत तिथं."

"बाभळींच्या खालच्या अंगाला घ्या."

म्हाताऱ्यानं काठी उचलली, पटका नीट केला. जाताना माझ्याजवळ थांबला. मी भांडी घासत होतो.

"साहेब, ती पेटी लई भारी हाय म्हनं. मुंबईची."

"व्हय तात्या."

"मंग तिला पानी घालत जावा," म्हणाला आणि निघून गेला.

वळणाशी पाणी लागलं. फार नाही, दीड इंच. तीनशे मेंढरांना पुरलं. तात्यांना त्या वर्षी मेंढरं घेऊन खाली नगरच्या बाजूला उतरावं लागलं नाही.

मी दुकानात येऊन पत्र्याचा डबा उघडला. 'नालायक' कार्ड दुसऱ्या पेटीत घातलं. उत्तम चाललं. ते माझ्या दुकानात त्यानंतर सात वर्षं चाललं, अंगावर माझ्याच अक्षरातली शिवी घेऊन. वाजिदभाईंना मी खरं ते सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मियाँ, तीन कार्ड लिए तुम. असल में लगता क्या था, एक बालटी पानी."

काकूंनी मला शिक्षा ठरवून दिली. आमच्या गल्लीत नळ होता. मी दर शनिवारी वीस लिटरचा कॅन स्कूटरवर घालून सातारा परिसरात न्यायचा आणि त्या चौकटीत ओतायचा. पहिल्या शनिवारी मीठ आणि लोणारी कोळसाही नेला, खड्डा थोडा उकरून भरला. त्या दिवशी अमावस्या होती हे मी पाहिलं नव्हतं. शेजारच्या गच्चीतून एका बाईंनी पाहिलं: शनिवार, अमावस्या, एक माणूस पाठकांच्या कोपऱ्यात खड्डा करून मीठ-कोळसा पुरतोय. पुढचा महिनाभर त्या वस्तीत मी गेलो की पोरांना घरात घेत. काकूंना हे ठाऊक होतं. त्यांनी खुलासा केला नाही. विचारलं तर म्हणाल्या, "तुला झिणझिण्यांचं काही वाटलं नव्हतं, मला याचं वाटत नाही."

पुढे पाऊस झाला, दुष्काळ हटला, पण शनिवार सुटला नाही. चहा मात्र परत हाताच्या अंतरावर यायला लागला.

आता तो बंगला नाही. तिथं सहा मजली इमारत आहे आणि खड्ड्यावर कोणाची तरी मोटार उभी असते. सर आणि काकू लेकीकडे पुण्याला गेले. जाण्याआधी सरांनी सगळा डेटा नव्या मशीनवर चढवायला मला बोलावलं. दोन कंट्रोलर घेतले होते, एकाच जातीचे. तीन ठिकाणी प्रती. आणि माझ्या आग्रहानं कागदावर छापूनसुद्धा, बांधणी करून. सर म्हणाले, "वाळवी लागेल." मी म्हणालो, "लागू दे सर."

चढवून झालं का ते बघायला मी शेवटची नोंद उघडली. कुठलं तरी गाव असेल असं वाटलं होतं. सरांनीच कधीतरी घातलेली होती, तारीख न लिहिता.

ठिकाण: राहते घर, मागील कोपरा. खोली: आठ फूट. थर: मुरूम, मीठ, कोळसा. पाणी: आहे, वीस लिटर. स्रोत: सुधाकर, स्कूटरवरून, शनिवारी.

आणि शेवटचा रकाना. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला, कारण अकरा वर्षांत एकही शनिवार मी चुकवला नव्हता. एकच चुकला होता, मुलीच्या बारशाचा, आणि त्या आठवड्यातही रविवारी सकाळी पाणी घातलं होतं.

भरवसा: मध्यम.